आमची पोरं भाडं देतात, भीक मागत नाहीत

भाडेकरू ठेवायला सोसायटीची एनओसी लागत नाही. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढून वाचा. फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या सभासदानं संस्थेला कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, एवढंच त्यात आहे. तरीही बोरिवली पश्चिमेच्या गोराईत मुलासाठी घर पाहायला गेलो, तेव्हा एका सोसायटीच्या ऑफिसात आम्हा बापलेकांची उलटतपासणी झाली. आडनाव काय? मटण-मासे खाता का? मुलगा एकटाच राहणार? कोण कोण भेटायला येणार? नागपूर जिल्ह्यातलं नरखेड म्हटलं तर ते नेमकं कुठं, आणि तिकडून इतक्या लांब कशाला आलात? पोरगा माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘बाबा, सोडा न, दुसरं पाहू.’’ कमिटीनं दुसऱ्या दिवशी दलालाकरवी नकार कळवला, कारण दिलं नाही. ज्या कमिटीला परवानगी देण्याचाच अधिकार नाही, तिनं ती नाकारली.

दलाल मात्र उत्साहात होता. समोर खाडी, पलीकडे वॉटर किंगडम, मोकळी हवा, असं तो प्रत्येक खिडकीपाशी उभा राहून सांगायचा आणि त्या हवेचेही पैसे भाड्यात धरायचा. पाहायला आलेल्यांसाठी ती खाडी, ते वॉटर किंगडम, ती जेट्टी सुट्टीची मौज असते. पहाटे उठून लोकल पकडणाऱ्या पोराला तिचा उपयोग काय? त्याला पाणी येणारा नळ हवा आणि आतून लागणारी कडी हवी.

गोराईची ही वसाहत कुणासाठी झाली, हे तिथल्या कमिट्यांनी आठवावं. 1985 साली जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. त्यातून म्हाडानं चारकोपला, गोराईला लहान लहान प्लॉट पाडले. बेताच्या कमाईच्या माणसाला मुंबईत पाय टेकता यावेत आणि ऐपतीप्रमाणं त्यानं घर वाढवावं, हा त्यामागचा विचार होता. सार्वजनिक पैशातून वसलेल्या भागात आज बेताच्या कमाईच्या माणसालाच दारात अडवलं जातं, याची मला चीड येते. खाडीपलीकडे 1989 साली एस्सेलवर्ल्ड आणि 1998 साली वॉटर किंगडम उभं राहिलं. त्यांच्या आसपासच्या आदिवासी पाड्यांवर पाण्याचे आणि विजेचे हाल मात्र वर्षानुवर्षं चालू राहिले. मौजेसाठी पाण्याच्या लाटा आणि राहणाऱ्याला हंडा, हीच वृत्ती खाडीच्या अलीकडेही चालते.

आता पैशाचं बोलू. पंचवीस हजारांच्या घराला दीड लाख अनामत, एका महिन्याचं भाडं दलाली आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. म्हणजे चावी हातात यायच्या आधी दोन लाख. आमच्या तालुक्यात एवढी रक्कम एकरकमी दिसते ती आंबिया बहाराचा संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला दिल्यावर, आणि तीही त्या वर्षी फळगळ झाली नाही तर. वर्षभर राबून हाती आलेला पैसा घरमालकाकडं बिनव्याजी पडून राहतो. घर सोडताना रंगाच्या, खिळ्यांच्या, जुन्या नळाच्या नावानं त्यातला किती कापायचा, हे घरमालकच ठरवतो.

यावर उत्तर येतं की भाडेकरू घर बळकावतात. ही भीती जुन्या पागडीच्या काळातली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याच्या कलम 24 नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर सक्षम प्राधिकारी त्याला बाहेर काढू शकतो आणि तोवरचं भाडं दुपटीनं वसूल होतं. एवढं संरक्षण हाती असताना सहा महिन्यांची अनामत कशाबद्दल?

अकरा महिन्यांच्या कराराचंही तसंच. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही म्हणून ही पद्धत रुजली. महाराष्ट्रात मात्र त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणं प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो किती का महिन्यांचा असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध करणं मालकाच्या माथी. म्हणजे नोंदणी चुकवायला अकरा महिन्यांच्या कराराचा आता काडीचा उपयोग नाही. तरी तो टिकून आहे, कारण दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवता येतं आणि दलालाला पुन्हा दलाली मिळते.

सोसायट्यांनाही सांगतो. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानं बिनभोगवटा शुल्काला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्यापुढं भाडेकरूच्या नावानं मागितलेली वर्गणी आणि देणगी ही खंडणीच आहे.

केंद्रानं 2021 साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. उत्तर प्रदेशनं त्याच वर्षी आपला कायदा करून ही मर्यादा घातली. सबंध देशातून माणसं ज्या शहरात पोट भरायला येतात, ते शहर महाराष्ट्रात आहे. इथं ती मर्यादा सगळ्यांत आधी यायला हवी होती.

घर नसणं म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला 1991 च्या जुलैत कळलं. वर्धा नदीच्या पुरानं एका दिवसात मोवाड उद्ध्वस्त केलं, शेकडो माणसं गेली. त्यामुळं छपराच्या बाबतीत आडनाव आणि ताट तपासणारा माणूस मला सहन होत नाही, होणारही नाही.

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं. विदर्भाच्या आमदारांनी तिथं तीन गोष्टी मागाव्यात: दोन महिन्यांची अनामत-मर्यादा, एनओसीच्या नावाखाली अडवणाऱ्या कमिटीला दंड, आणि धर्म, जात, आहार, लग्न यावरून घर नाकारणं हा गुन्हा. तुमच्या मतदारसंघातली किती पोरं मुंबईत अशा मुलाखती देत फिरतात, ते गावात विचारून या आणि मग सभागृहात बोला.