कंपनी जे करणार नाही, ते करा

सरकारी संशोधन संस्थेनं कोणत्या नव्या तंत्रज्ञानात हात घालायचा, यावर समित्या बसतात आणि शेवटी जगात ज्याची चलती आहे तेच निवडतात. काल जनुकं, मग ड्रोन, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. माझ्या मते पहिला प्रश्न एकच हवा: हे काम खासगी कंपनी आपणहून करेल का? करणार असेल, तर जनतेचा पैसा त्यात ओतू नका.

कापूस घ्या. नागपुरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. तरी 2002 साली बीटी, म्हणजे अळी मारणारं जनुक, आलं ते खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांतून. संकरित बियाणं दरवर्षी नव्यानं विकत घ्यावं लागतं, म्हणून. अमेरिका-ऑस्ट्रेलियात हेच बीटी सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचं बी पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येतं अशा वाणांत, घातलं गेलं.

संकरित वाणाचा भुर्दंड फक्त बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीचा नाही. बियाणं महाग, म्हणून लागवड विरळ. झाडं थोडी, म्हणून प्रत्येक झाडावर भरपूर बोंडं धरायला हवीत. मग पीक लांबतं, आणि वर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक शेतात राखणं. विदर्भाच्या कोरडवाहू रानात पाऊस ओसरल्यावर, ऐन बोंडं भरताना, मातीत ओल उरत नाही. गुलाबी बोंडअळी तर जवळजवळ केवळ कापसावर जगते. हिवाळाभर शेतात बोंडं राहिली की तिच्या पिढ्यांमागून पिढ्या निघतात. 2017 साली तिनं विदर्भातला कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर मेले. हे मी विसरणार नाही, आणि कोणी विसरूही नये.

कमी दिवसांत येणारं, दाट पेरता येणारं, घरचं बी राखता येणारं सरळ वाण कंपनी का काढेल? एकदा विकलं की पुढल्या वर्षी गिऱ्हाईकच उरत नाही. म्हणूनच ते काम सरकारचं. नागपूर आणि धारवाडच्या शास्त्रज्ञांनी ते केलंही. 2009 साली त्यांचं बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाण शेतकऱ्यांपर्यंत आलं, त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाचा अंश सापडला आणि ते मागे घ्यावं लागलं. चूक गंभीर होती. पण तिच्यामुळे दिशा चुकीची ठरत नाही. चुकीला शिक्षा द्यायची आणि त्याच कामावर दुप्पट माणसं बसवायची, हा शहाणपणा दिल्लीला दाखवता आला नाही.

पुढेही सरळ बीटी वाणं निघाली. पण बियाणं वाढवून तालुक्याच्या कृषी केंद्रापर्यंत नेणं, हे आपल्याकडे संशोधनात धरतच नाहीत. शोधनिबंध छापला, वाण अधिसूचित झालं, काम संपलं! हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. बोंडअळीच्या सापळ्यातले पतंग मोबाईलवर मोजून देणाऱ्या एखाद्या नव्या यंत्राला पैसे देण्याआधी संचालकांना विचारा: तुमच्या सरळ वाणांचं बियाणं यंदा किती गावांत पेरलं गेलं? हा आकडा मिळेपर्यंत नव्या प्रकल्पाची फाईल उघडू नका.