मूर्ती लहान, भार महान

एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? या जुन्या कोड्याचे उत्तर नातवंडेही चटकन देतात : दोन्ही सारखेच. हाताला मात्र ते पटत नाही. समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने लहान असलेली वस्तू उचलताना अधिक जड भासते. फ्रेंच वैद्य ओगुस्तीं शार्पांतिए यांनी १८९१ मध्ये या भासावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले.

वस्तू दिसताच मेंदू तिच्या वजनाचा अंदाज बांधतो आणि स्नायू त्या बेताने जोर लावतात. चार-सहा वेळा उचलल्यावर बोटे नेमका जोर लावण्यास शिकतात. भास मात्र वजन ठाऊक असूनही कायम राहतो. म्हणून धोका असतो तो पहिल्या उचलीचा. लहानसा लोखंडी खलबत्ता सहज उचलू जावे, तर हात खाली ओढला जातो आणि कमरेला हिसका बसतो. मोठा डबा भरलेला समजून जोराने उचलावा आणि तो रिकामा निघावा, तर तोल मागे जातो. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतील, तर एवढे निमित्तही मणका दबण्यास किंवा पडून खुबा मोडण्यास पुरेसे ठरते.

यासाठी वस्तू उचलण्यापूर्वी तिची एक कड किंचित उचलून पाहावी. गुडघे वाकवून, वस्तू अंगालगत धरून सावकाश उठावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरची भरलेली बादली त्याहून जडच असणार. ती अर्धी भरून दोन खेपा कराव्यात.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अंथरुणाला खिळलेली आई कृश, एवढीशी दिसते. तरीही तिचे चाळीस किलो हे घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरहून अधिक असतात. तिला एकट्याने उचलू नये. तिच्याखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी सरकवावे, आणि त्यापूर्वी तिला तसे सांगावे. तिने हनुवटी छातीकडे घेतली तरी बरीच मदत होते.

वजन उचलल्यानंतर पाठीत तीव्र कळ आल्यास चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. पायांत बधिरता वा अशक्तपणा जाणवला, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.