मुलाचें ताट आणि घराची घडण

मूल उपाशी राहतें तें कोणत्या घरांत, असें विचारलें असतां पुष्कळ लोक चटकन् उत्तर देतात कीं, ज्या घरीं बाप नाहीं त्या घरांत. विधवेचें घर, नवऱ्यानें टाकलेल्या स्त्रीचें घर, आजीआजोबांवर सोपविलेल्या मुलांचें घर, या सर्वांकडे आपला समाज कींव करून किंवा बोट दाखवून पाहतो. या समजांत थोडें सत्य आहे. परंतु तो अपुरा आहे, आणि म्हणूनच मुलांस घातक आहे, असें आम्हांस वाटतें.

सत्य इतकेंच कीं, जेथें मिळविणारी एकटी आई असते तेथें तिचें एक आजारपण चूल थंड करतें. एकत्र कुटुंबांत एकाची मजुरी बुडाली तर दुसऱ्याच्या मजुरीवर दिवस निभावतो. तथापि माणसें असल्यानेंच ताट भरतें असें नाहीं. १८५८ सालीं जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे आईबाप त्यांच्या तरुणपणींच दुष्काळांत उपासमारीनें वारले. त्या घरांत प्रेम होतें, विद्याही होती. धान्य मात्र नव्हतें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत ज्या निराधार मुलींस रमाबाईंनीं आश्रय दिला, त्यांस घर उरलें नव्हतें. पण त्यांच्यापुढें ताट आलें.

आज बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणारें जोडपें पाहावें. मुकादमाच्या हिशेबीं नवराबायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या सुमारास तीं निघतात, उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मागें म्हातारी आजी आणि नातवंडें. हें कुटुंब मोडलेलें नाहीं, पोटासाठीं विभागलेलें आहे. शिधापत्रिका एक आणि चुली दोन, ही त्याची खरी अडचण.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेवर घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीस कुटुंबप्रमुख मानलें, हें उत्तम झालें. वाढणाऱ्या हातींच हक्क आला. परंतु त्याच कायद्यानें अंत्योदय कुटुंबास, माणसें कितीही असोत, महिना ३५ किलो धान्य ठरविलें आहे. सात माणसांत तें माणशीं ५ किलो पडतें, दहा माणसांत साडेतीन. येथें भरलें घरच मुलाचा घास लहान करतें!

शाळेंतील माध्यान्ह भोजन घरीं कोण आहे, कोण नाहीं, याची चौकशी करीत नाहीं. हाच त्याचा मोठा गुण. पण सरकारी योजना आठवीपर्यंतच आहे. नववींत गेल्यानें भूक कांहीं कमी होत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, नववी-दहावींतील ज्या मुलांच्या घरीं दुपारची सोय होत नाहीं, त्यांच्यासाठीं शिक्षकांमार्फत, गाजावाजा न करितां, डब्याची व्यवस्था करावी. विद्यार्थिमित्रहो, शेजारच्या मुलाजवळ डबा नसेल तर “तुझे वडील कोठें असतात?” असें विचारूं नका, आपला डबा मध्यें ठेवा आणि त्यास जवळ बसवा. प्रभूच्या प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों, ती एकट्यासाठीं मागत नाहीं, सर्वांसाठीं मागतों. मग ती एकट्यानें खाणें आपणांस शोभेल काय?