निवाऱ्यातून आणलेला कुत्रा रात्री झोपणार कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले, संगमनेर, राहुरी पट्ट्यात उसाच्या आडोशाने बिबट्या वस्तीपर्यंत आला आणि वस्तीवरचा कुत्रा त्याचं आयतं भक्ष्य झाला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा ११. तरीही निवाऱ्यातून हौसेने आणलेला कुत्रा पहिल्याच रात्री अंगणात साखळीला बांधला जातो. कारण ठरलेलं: घरात घाण करतो.

करणारच. निवाऱ्यात जिथे झोपायचं, त्याच कोब्यावर शी-शूही उरकायची, हीच त्याची सवय. घरातली फरशी त्याच्या पायांना तशीच लागते. गल्लीत, मातीत वाढलेला कुत्रा याबाबतीत बरेचदा लवकर शिकतो.

शिकवणं अवघड नाही, चिकाटीचं आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पट्टा लावून अंगणातल्या ठरलेल्या जागी न्यायचं आणि काम झालं की तिथल्या तिथे उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला उमगत नाही. पिल्लू वयाच्या दर महिन्यामागे साधारण तासभर दम धरतं. दोन महिन्यांच्या पिल्लाने रात्रभर थांबावं ही अपेक्षाच चुकीची. बिबट्याच्या भागात रात्रीच्या फेरीला बॅटरी घेऊन माणसाने सोबत जावं, हे वेगळं सांगायला नको.

घाणीत नाक घासणं हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि तितकाच निरुपयोगी. त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की माणसांसमोर करायचं नाही. मग तो सोफ्यामागे करतो.

नव्या घरात रुळायला काही कुत्र्यांना आठवडे, काहींना महिने लागतात. तेवढ्यात कंटाळून त्याला पुन्हा रस्त्यावर सोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ रोजी स्पष्ट केलं, की दत्तक कुत्रा रस्त्यावर परतणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची.

म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यात कुत्री दत्तक देणाऱ्यांनी अर्जात एक प्रश्न घालावाच: हा रात्री कुठे झोपणार? उत्तर ‘अंगणात, साखळीला’ असेल, तर कुत्रा देऊ नये.