वाडीतले कुबेर

अष्टागरातल्या माणसाला तीन गोष्टी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. माशाची पारख, भावकीशी भांडण आणि आपल्या वाडीत कुठेतरी धन पुरलेले आहे ही श्रद्धा. पैकी पहिलीने जेवण होते, दुसरीने वकिलाचे घर चालते. तिसरीने आजवर कोणाचे काही झाले नव्हते, म्हणून ती मला तिन्हींत अधिक प्रिय होती.

पूर्वी ही श्रद्धा अगदी निरुपद्रवी असे. विहिरीपलीकडच्या जांभळाखाली मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसला आहे आणि अवसेच्या रात्री तिथे पैंजण वाजतात, एवढे सांगून आजी नातवंडांना झोपवीत असे. धन काढायचे तर पायाळू माणूस हवा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा. तो शोधता शोधता एक पिढी संपे. हंडा सुखी, नाग सुखी, घरचे लोकही सुखी. माझे तर असे मत आहे की, या देशातले पुरातत्त्व जेवढे त्या नागाने सांभाळले तेवढे कोणत्याही खात्याला सांभाळता आलेले नाही.

आता पायाळू माणूस घरपोच मिळतो. त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. काही हजार रुपये भरले की खोक्यातून येतो. एक दांडा, दांड्याच्या टोकाला थाळी आणि कानाला लावायचा हेडफोन. थाळीतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज खेळते. खाली जमिनीत धातू असला की त्याच्यातही थोडी वीज उमटते, ती यंत्राला कळते आणि यंत्र 'टुंईं' करते. विज्ञान एवढेच. पुढचा सगळा भाग हावेचा.

आमचे धाकटे मेव्हणे मुंबईहून हे यंत्र घेऊन आले तेव्हा त्यांनी आधी घराचे वासे आणि मग माझी बहीण-भावंडे किती, हे पाहून घेतले. म्हणजे हंडा सापडलाच तर वाटेकरी किती! मग वाडीत शिरून म्हणाले, "भावोजी, नुसता वीतभर खड्डा. पोफळीला कळणारसुद्धा नाही."

"पोफळीला कळते. तिची मुळे वरच्यावरच असतात. कळत नाही ते माणसाला," मी म्हटले. पण हेडफोन लावलेल्या माणसाशी बोलणे म्हणजे देवळातल्या नंदीला बाजारभाव सांगण्यासारखे आहे.

दिवसभरात यंत्र एकोणीस वेळा 'टुंईं' झाले. एकोणीस खड्डे झाले. सापडले ते असे : छपराचे खिळे अकरा, पत्र्याचे तुकडे चार, सोडावॉटरचे बूच एक, छत्रीची काडी एक, स्टोव्हची पिन एक आणि वीस पैशांचे अ‍ॅल्युमिनियमचे नाणे एक. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा गावोगावचे पत्रे आणि खिळे उडून एकमेकांच्या वाड्यांत पडले. आज या किनाऱ्यावर थाळी फिरवली तर शिवकाल लागायच्या आधी 'निसर्ग'काल लागतो. त्या यंत्राला धातू कळतो, काळ कळत नाही. खुद्द ग्रॅहम बेललाही हा अनुभव आला होता. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला तो असेच एक यंत्र घेऊन गेला. गादीतल्या पोलादी तारांनीच घोटाळा केला असे म्हणतात. गोळी सापडली नाही आणि अध्यक्षही वाचले नाहीत.

इथे कोणी म्हणेल, अहो, खिळे सापडले तर बिघडले काय? चार खड्डे बुजवा आणि चहा घ्या. वाचकहो, खिळ्यांबद्दल माझी तक्रार नाहीच. खिळे सापडले तर हसायचे, हे मलाही कळते. मला भीती आहे ती खरेच काही सापडण्याची.

कारण आमच्या जमिनीत खरेच काहीतरी आहे. चौल हे साधे गाव नव्हे. ग्रीक लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी नोंदलेले ते बंदर आहे. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात किल्ला बांधला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज त्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि लोक तिथे मुंजी, बारशी करीत सुखाने नांदत आहेत. अशा जमिनीत शिवराई निघेल, पोर्तुगीज नाणे निघेल, त्याहून जुनेही निघेल. निघाल्यावर त्याचे काय होईल, हा प्रश्न आहे.

समजा, शिशाचे एक जुनाट नाणे निघाले. ते ज्या थरात होते त्याच थरात परदेशी मद्यकुंभाचे खापर होते, शेजारी जळका कोळसा होता, खाली विटांचा एक पदर होता. या चौघांना एकत्र बसवून विचारले, तर ते सांगतील की इथे कोण आले, केव्हा आले, काय पिऊन गेले. चौलला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले ते असेच, बोटाबोटाने, प्रत्येक खापराची जागा लिहून घेत. आमचे मेव्हणे काय करतील? खापर फेकतील, कोळसा पायाने सारतील, विटा फोडतील आणि नाणे चिंचेने घासून लख्ख करतील. माती ही वही आहे हो! यांनी त्या वहीचे पान फाडले, त्यातला एक शब्द कापून घेतला आणि तो खिशात घालून म्हणतात, आम्हांला इतिहासाची आवड आहे.

शिवाय या यंत्राला जे ऐकू येत नाही ते आमच्याकडे अधिक मोलाचे आहे. अलिबागेशेजारी अक्षी गावात एक शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा तो मानतात, आणि मराठीतल्या अगदी पहिल्या लेखांत त्याची गणना होते. काहींच्या मते तो थोडा अलीकडचा आहे. तो दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. बरी जागा त्याला अलीकडे मिळाली. त्याच्यावरून कोणी 'टुंईं' केले नाही, कारण तो दगड. आणि दिवेआगरचा ताम्रपट पाहा. शके ९८२ चा, मराठीतला जुन्यात जुना ताम्रपट. तांबे असल्यामुळे त्याच्यावर मात्र यंत्र नक्की ओरडले असते, आणि भंगारवाल्याने तो किलोच्या भावाने नेला असता.

दिवेआगरचे नाव निघाले तर पुढचेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, किलोभराहून अधिक वजनाचा. लपवालपवी झाली नाही. गावाला कळले, सरकारला कळले आणि मुखवटा गावच्या देवळात आला. गाव फुलले, घरोघरी पाहुण्यांच्या पंगती बसू लागल्या. मग २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले. चोर पकडले गेले, सोने बरेचसे परत मिळाले. पण मिळाले ते वितळलेले. त्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये देवळात बसला. लोक हात जोडतात, मीही जोडतो. पण शेकडो वर्षांपूर्वी कोणा अनाम सोनाराने घडवलेला चेहरा गेला तो गेलाच. तोळ्याचा हिशेब जुळतो, चेहऱ्याचा जुळत नाही. जमिनीतल्या वस्तूकडे धातू म्हणून पाहणाऱ्याचा रस्ता शेवटी त्या मुशीकडेच जातो. कोणी रात्री कोयता घेऊन जातो, कोणी दुपारी डिटेक्टर घेऊन. दोघांच्या पापात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. पण वजनकाटा दोघांचा एकच.

ही बाधा एकट्या आमच्या मेव्हण्यांना झालेली नाही. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशात एका साधूला हजार टन सोन्याचे स्वप्न पडले आणि केंद्राचे पुरातत्त्व खाते दौंडियाखेड्याला कुदळी घेऊन हजर झाले. सोने निघाले नाही, खापरे निघाली. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट पाहून बऱ्हाणपुराजवळ असीरगडाच्या पायथ्याची शेते लोकांनी रात्री विजेऱ्या आणि डिटेक्टर घेऊन उकरली. संभाजी महाराजांचा चित्रपट पाहून घरी काय न्यायचे, तर मोगलांच्या मोहरा!

"इंग्लंडात चालते ते!" हे मेव्हण्यांचे ब्रह्मास्त्र. चालते ना. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात डिटेक्टरवाल्याला सोन्याचा मोठा साठा लागला. पण त्याने सरकारला कळवले, तज्ज्ञांनी बाकीचे खणले, साठा संग्रहालयात गेला आणि तेहतीस लाख पौंडांच्या आसपासची रक्कम त्याला आणि शेतमालकाला मिळाली. आपल्याकडचा कायदा तर १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवायचे. खरा मालक पुढे आला नाही, तर तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याचे, एक-चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला ते हवे असेल तर सरकार किंमत देऊन घेणार. लपवले तर तुरुंग. इंग्रजाने केलेला इतका उदार कायदा दुसरा दाखवा!

"आणि कळवायला गेलो की वर्षभर हेलपाटे, शिवाय वाडीला टाळे!" असे मेव्हणे म्हणाले, आणि या एका मुद्द्यावर मी गप्प बसलो. खरे आहे ते. विहीर खणताना एक हंडी लागली तर पांढरपेशा माणूस आधी घाबरतो, मग सोनार गाठतो. त्याला हावरा म्हणण्याआधी सरकारने एवढे तरी करावे : तालुक्याच्या गावी एक जाणता माणूस बसवावा, जो वस्तू पाहील, जागा लिहून घेईल, पावती देईल आणि दटावणार नाही. वस्तू जिल्ह्यातच राहील असे लिहून द्यावे. लोक आपणहून येतील. दिवेआगर आलेच होते.

तोवर माझे म्हणणे स्पष्ट आहे. नांगराला लागले, विहिरीत लागले, पायात लागले तर ते दैव. थांबा, हलवू नका आणि कळवा. पण मुद्दाम यंत्र घेऊन उकरणे हा छंद नव्हे, ती चोरी आहे, आणि आपल्याच नातवंडांच्या घरची. शिलाहार-यादवांच्या काळी दान मोडणाऱ्याला दगडावर गाढवाची शिवी कोरून ठेवीत. तो दगड पुन्हा कोरायला माझी काही हरकत नाही. आमच्या वाडीच्या बेड्यावर जागाही आहे.