यंत्रांच्या दुनियेत : गाडीचं नवं काळीज



गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका वाचकमित्राचं पत्र आलं. तो लिहितो, ‘माझ्या मामांची जुनी गाडी घाटात धापा टाकते. मी मामांना म्हटलं, हिला सरळ ट्रकचं इंजिन बसवून टाका! मामा पोट धरधरून हसले. यात हसण्यासारखं काय होतं?’

दोस्ता, तुझा प्रश्न मुळीच वेडगळ नाही. हाच प्रश्न १९६१ साली अमेरिकेतल्या एका माणसाला पडला होता. आधी काहींनी त्याला नकार दिला. पण त्याने हेका सोडला नाही आणि त्यातून मोटारींच्या इतिहासातली एक अतिशय गाजलेली गाडी जन्माला आली. आज त्याची गोष्ट सांगतो. मामा का हसले, ते गोष्ट संपेपर्यंत तुझं तुलाच कळेल.

त्या माणसाचं नाव कॅरोल शेल्बी. जन्म १९२३ सालचा, टेक्सास राज्यातल्या एका लहानशा गावातला. लहानपणीच डॉक्टरांना त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष आढळला. बरोबरीची पोरं हुंदडत असायची, तेव्हा याला अंथरुणात पडून राहावं लागे. मोठा झाल्यावर त्याने कोंबड्या पाळायचा धंदा काढला. पहिल्या खेपेला बरे पैसे सुटले, दुसऱ्या खेपेला रोग आला आणि कोंबड्या पटापट मेल्या. धंदा बुडाला. मग गडी मोटारींच्या शर्यतीत उतरला! शेतावर काम करताना घालायचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे अंगावर असतानाच तो एकदा शर्यतीला गेला आणि पुढे तोच त्याचा पोशाख होऊन बसला. १९५९ साली फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत त्याने रॉय साल्व्हाडोरीच्या जोडीने, अ‍ॅस्टन मार्टिन गाडीतून जिंकली.

पण काळजाचं दुखणं काही पाठ सोडेना. १९६० साली तर तो जिभेखाली औषधाची गोळी ठेवून गाडी हाकत होता. त्या वर्षाअखेर त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. वय अवघं ३७. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. शेल्बीने ठरवलं, आपल्याला चालवता येत नाही ना, मग आपण गाडी बनवू.

आता समुद्र ओलांडून इंग्लंडला चला. तिथे ए. सी. नावाचा एक लहानसा कारखाना होता. त्यांची ‘एस’ नावाची उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी १९५३ पासून बाजारात होती. नळ्यांची चासी, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं हलकं अंग. वळणावर अशी वळायची की बघत राहावं. तिचं सगळ्यात चांगलं इंजिन ब्रिस्टल कंपनीचं होतं. सहा सिलिंडरचं, दोन लिटरचं. इंजिन गुणी, पण मूळ घडण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका जर्मन इंजिनाची. आणि १९६१ मध्ये ब्रिस्टलने ते बनवणंच बंद करायचं ठरवलं. म्हणजे घोडा होता, पण त्याचा दम निघून चालला होता.

शेल्बीला ही बातमी लागताच त्याने ए. सी. कारखान्याला पत्र धाडलं. तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-एट इंजिन बसवायचं का, अशी विचारणा केली. कारखान्याचं उत्तर आलं की इंजिन मिळालं तर जरूर! मग शेल्बी इंजिन शोधायला निघाला. शेव्हर्ले कंपनीने नकार दिला. त्यांची स्वतःचीच कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स गाडी होती, तिला सवत कोण आणील? फोर्डकडे मात्र नुकतंच एक नवं, आटोपशीर व्ही-एट तयार झालं होतं आणि कॉर्व्हेटला टक्कर द्यायची त्यांनाही हौस होतीच. फोर्डने इंजिनं दिली.

इथे जरा थांबू या. व्ही-एट म्हणजे काय? सहा सिलिंडर एकामागे एक उभे केले की शाळेच्या रांगेसारखं लांबलचक इंजिन होतं. ब्रिस्टलचं तसंच होतं. व्ही-एटमध्ये आठ सिलिंडर असतात, पण चार-चारच्या दोन ओळींत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे. त्यामुळे इंजिन मोठं असूनही लांबीला आखूड होतं, मात्र रुंदीला वाढतं. शिवाय फोर्डने ओतीव लोखंडाच्या भिंती पातळ करून वजन काटकसरीत ठेवलं होतं. म्हणून ते ब्रिस्टलच्या जागी मावलं, आणि वजनालाही फारसं जड झालं नाही. ताकद मात्र कितीतरी जास्त. ब्रिस्टलचे घोडे सव्वाशेच्या आसपास, तर फोर्डचे सुमारे २६०!

फेब्रुवारी १९६२ मध्ये बिनइंजिनाची एक गाडी विमानाने लॉस एंजेलिसला आली. शेल्बीने आणि त्याच्या मित्रमंडळींनी काही तासांतच तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला. लगेच गाडी बाहेर काढून पळवूनही पाहिली. नाव ठेवलं ‘कोब्रा’. हे नाव आपल्याला स्वप्नात दिसलं, असं शेल्बी सांगायचा. गंमत पुढेच आहे. गाडी होती एकुलती एक. मासिकांचे लोक बघायला यायचे, तेव्हा दर वेळी तिला वेगळ्या रंगात रंगवायचे. वाचणाऱ्याला वाटावं, कारखान्यातून धडाधड गाड्या निघताहेत! (ही युक्ती गृहपाठाच्या वहीच्या बाबतीत करू नका. बाई ओळखतात.)

म्हणजे काम फत्ते? छे! ‘काही तासांत इंजिन बसलं’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्यामागची तयारी फार मोठी होती. नीट लक्ष द्या, कारण मामांच्या हसण्याचं उत्तर इथेच आहे.

पहिली अडचण जागेची. इंजिन रुंद, त्यामुळे स्टिअरिंगची पेटी आड येऊ लागली. ती बाजूला सरकवावी लागली.

दुसरी अडचण ताकदीची. इंजिनाचं बळ आधी गिअरबॉक्समध्ये, तिथून लांब दांड्याने डिफरन्शियलमध्ये आणि मग मागच्या चाकांत जातं. जुने भाग सव्वाशे घोड्यांसाठी बनवलेले. बैलगाडीला हत्ती जुंपला तर गाडी पळत नाही, जू मोडतं. म्हणून मागे जॅग्वार गाडीत वापरत तसला दणकट डिफरन्शियल बसवला आणि चासीच्या नळ्याही जाड पत्र्याच्या केल्या.

तिसरी अडचण थांबण्याची. ही सगळ्यात महत्त्वाची. समजा, एक गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललीय आणि ब्रेक दाबल्यावर काही अंतरावर थांबते. वेग दुप्पट केला, ताशी ८० केला, तर थांबायला अंतर किती लागेल? दुप्पट? नाही, चौपट! वेग तिप्पट झाला तर अंतर नऊपट. म्हणून पळण्याची ताकद वाढवणाऱ्याने थांबण्याची ताकद आधी वाढवावी लागते. कोब्राच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, ते उगाच नाही.

चौथी अडचण तापण्याची. जास्त ताकद म्हणजे जास्त पेट्रोल जळणार, म्हणजेच जास्त उष्णता. ती बाहेर टाकायला मोठा रेडिएटर आणि खेळती हवा लागते.

या सगळ्याचा विचार नीट झाला, तिथे यश मिळालं. पहिल्या ७५ गाड्यांनंतर कोब्रात ४.७ लिटरचं आणखी मोठं इंजिन आलं. जुन्या स्टिअरिंगच्या जागी जास्त नेमकं स्टिअरिंग आलं. १९६५ साली शेल्बीच्या मंडळींनी कोब्राच्याच चासीवर बंद छताचं अंग चढवलेल्या ‘डेटोना’ गाड्या घेऊन मोठ्या इंजिनांच्या जीटी गटातलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही फेरारीला मागे टाकून.

पण हाव सुटली की काय होतं, तेही याच गोष्टीत आहे. १९६४ च्या मार्चमध्ये सेब्रिंगच्या शर्यतीसाठी त्यांनी एका कोब्रात चक्क सात लिटरचं इंजिन कोंबलं. गाडी हाकणारा केन माइल्स म्हणजे पट्टीचा चालक. तरीही सरावातच गाडी झाडावर आदळली. जुन्या घडणीच्या गाडीला एवढं बळ झेपत नव्हतं. मग शहाणपणाने सगळं नव्याने आखलं. चासीच्या तीन इंची नळ्या चार इंची केल्या, खालचे आडवे पाटे काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवल्या, तेव्हा कुठे १९६५ मध्ये सात लिटरची कोब्रा तयार झाली. म्हणजे इंजिन बदलता बदलता शेवटी गाडीच बदलली!

आणखी दोन छोटे किस्से सांगतो. इंग्लंडच्याच सनबीम अल्पाइन या गाडीत हेच फोर्ड इंजिन बसवून १९६४ मध्ये ‘टायगर’ काढली. जागा इतकी तंग, की कारखान्यात आतल्या पत्र्याला हातोड्याने ठोकून इंजिनाला वाट करून द्यावी लागे. एक स्पार्क प्लग तर असा अडकलेला, की तो काढायला माणसं बसतात त्या बाजूने पत्र्याला भोक ठेवलं होतं. पुढे तो कारखाना क्रायस्लरच्या ताब्यात गेला. दुसऱ्या कंपनीचं इंजिन किती दिवस वापरणार? पण क्रायस्लरचं स्वतःचं व्ही-एट तिथे बसेना, कारण त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या बाजूला होता. १९६७ मध्ये टायगर बंद पडली.

दुसरा किस्सा एम. जी. बी. या गाडीचा. तिचं १.८ लिटरचं लोखंडी इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या दीड लिटरच्या इंजिनाचं सख्खं भावंड, दोन्ही एकाच घराण्यातली. केन कॉस्टेलो नावाच्या गॅरेजवाल्याने त्या जागी रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट बसवून दाखवलं आणि १९७३ मध्ये कारखान्यानेही तशी गाडी काढली. आकार जवळजवळ दुप्पट, पण वजन साधारण तेवढंच. कारण नवं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं होतं. नाक जड झालं नाही, म्हणून गाडी वळायची विसरली नाही.

आता पुन्हा शेल्बीकडे वळू. गाड्यांची काळजं बदलणाऱ्या या माणसाचं स्वतःचं काळीज मात्र थकतच गेलं. १९९० साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, डॉक्टरांनी त्याचं हृदय काढून दुसऱ्या माणसाचं हृदय बसवलं. पुढे १९९६ मध्ये त्याच्या मुलाने त्याला आपलं एक मूत्रपिंड दिलं. तिथेही नुसतं जुनं काढलं नि नवं बसवलं, एवढ्यावर भागत नाही बरं का. रक्तवाहिन्या जुळाव्या लागतात, रक्तगट जुळावा लागतो आणि शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात. शेल्बी त्या हृदयावर जवळजवळ २२ वर्षं जगला. मे २०१२ मध्ये, ८९ व्या वर्षी वारला. आजारी मुलांच्या उपचारांना मदत करण्यासाठी त्याने १९९१ मध्ये एक संस्थाही काढली. अंथरुणात पडून खिडकीतून दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि कोब्रा? रंग बदलबदलून मिरवलेली ती पहिली गाडी शेल्बीने जन्मभर विकली नाही. त्याच्या मागे २०१६ साली तिचा लिलाव झाला. किंमत आली १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर!

तर सातवीतल्या दोस्ता, आता कळलं ना मामा का हसले? मोठं इंजिन आणणं सोपं, ते पेलणारी गाडी तयार करणं कठीण. आईबाबांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. गाडीच्या नोंदणीत इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक असतो. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलणं आपल्याकडे बेकायदा आहे. मामांच्या गाडीचं म्हणशील, तर आधी एअर फिल्टर, प्लग आणि क्लच तपासून घ्यायला सांग. पुष्कळदा घाटातली धाप तेवढ्यानेच थांबते. निदान खर्च तरी ट्रकच्या इंजिनाएवढा येणार नाही!

करून पाहा : इंजिनाचा आकार म्हणजे त्याच्या सगळ्या सिलिंडरांचं मिळून घनफळ. सूत्र तुमच्या गणिताच्या पुस्तकातलंच आहे, π × त्रिज्या × त्रिज्या × उंची. ब्रिस्टलच्या सिलिंडरचा व्यास ६.६ सेंमी, पिस्टनची धाव ९.६ सेंमी, सिलिंडर ६. कोब्राच्या पहिल्या फोर्ड इंजिनाचा व्यास ९.६५ सेंमी, धाव ७.२९ सेंमी, सिलिंडर ८. π ची किंमत ३.१४ धरून दोन्ही इंजिनांचा आकार काढा. व्यासाचा निम्मा करायला विसरू नका, निम्मी मुलं तिथेच फसतात!

(उत्तर : ब्रिस्टल सुमारे १९७० घनसेंमी, फोर्ड सुमारे ४२६३ घनसेंमी.)