थोडी धूळ हवीच, बॉस!

मंडळी, प्लास्टिकचं विमान जोडलंय कधी? खेळण्यातलं नव्हे हं! बारीक बारीक भाग साच्यातून कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे... ते स्केल मॉडेल. गेले दोन महिने माझे सगळे वीकेंड्स त्यातच गेलेत. पहिलंच विमान, मिग-२१. स्केल १/७२, म्हणजे नाकावरच्या नळीसकट जेमतेम २२ सेंटिमीटर.

जोडून झालं, करडा रंग मारून झाला आणि कळलं, खरी मजा तर पुढेच आहे. कारण नुसतं रंगवलेलं विमान दिसतं शोरूममधल्या कारसारखं. हे कधी उडलं असेल असं वाटतच नाही. मग त्याला ‘वापरलेलं’ करायचं. याला म्हणतात वेदरिंग.

फंडा सोपा आहे. आधी चकचकीत अॅक्रिलिक वार्निशचा एक हात. खडबडीत रंगावर डिकल लावलं, की खाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसतं. मग पाण्यात भिजवलेले तिरंगी गोल आणि नंबर लावायचे. त्यावर पुन्हा वार्निश. ते पक्कं वाळलं, की गडद तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये एकदम पातळ करून ब्रशच्या टोकानं रेषांत सोडायचा. रंग आपोआप रेषेतून धावतो, जाम भारी दिसतं! जादाचा रंग कानाच्या काडीनं पुसायचा, तोही नाकाकडून शेपटीकडे. वारा तसाच वाहतो ना! सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. चकाकी गायब.

पण किती मळवायचं? इथे मी अडले. मिग-२१ हवाई दलात आलं १९६३ मध्ये आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये निवृत्त झालं. आमच्या पिढीनं त्याचं नाव ऐकलं ते मुख्यतः अपघातांच्या बातम्यांत. ‘उडती शवपेटी’ हे टोपणनाव घराघरांत पोचवलं ते आम्हा पत्रकारांच्याच जमातीनं.

आणि माझा मामा नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलमध्ये, वर्षानुवर्षं हीच विमानं दुरुस्त करत होता. त्यालाच विचारलं. म्हणाला, “मळव की! पण प्रत्येक डाग कशाचा, ते मला सांगायचं.”

मग आमची यादी सुरू झाली. कॉकपिटचं झाकण उजवीकडे उघडतं, म्हणून शिडी लागते डावीकडून. म्हणजे रंग उडणार तो डाव्या कडेचा. पंखाच्या मुळाशी काम करणाऱ्यांचे पाय पडतात, तिथे बुटांचे घासे. शेपटीकडे इंजिनाच्या तोंडाशी तापून काळवंडलेला धातू. वरच्या अंगाला उन्हानं विटलेला रंग. चाकांना धूळ.

तांबडा गंज? “अगं, अंग अॅल्युमिनियमचं आहे, त्याला तांबडा गंज कुठून येणार?”

तेलाचे ओघळ? यावर मामा जरा गप्प झाला. मग म्हणाला, “टेस्ट फ्लाइटच्या आधी आम्ही फडकं मारायचो. रोज.”

हे कुठल्याच बातमीत मी वाचलं नव्हतं. ओघळ रंगवले असते, तर ते फक्त त्या बातम्यांतलं विमान झालं असतं. काहीच नाही रंगवलं, तर खेळणं. मामाचं विमान या दोन्हींच्या मधलं. भरपूर वापरलेलं, आणि रोज कुणीतरी पुसलेलं.

तेव्हा तुम्हीही पहिलं मॉडेल करणार असाल तर एका ठरावीक विमानाचे फोटो समोर ठेवा आणि प्रत्येक डागाला कारण विचारा. कारण नाही सापडलं, की उचला कानाची काडी! आणि त्या विमानावर हात चालवलेलं कुणी ओळखीचं असेल, तर मॅटचा हात मारण्याआधी त्यांना दाखवा. नंतर काही म्हणजे काही पुसता येत नाही.